‘बुद्धी वाढवणाऱ्या’ बाटल्या आणि आपलं चंचल लेकरू

मागच्या उन्हाळ्यात एका रविवारी दुपारी माझी वहिनी घरी आली. हातात भाजीची कापडी पिशवी होती, पण आत भाजी नव्हती. तिने एकेक वस्तू काढून फरशीवर मांडली. ब्राह्मी-शंखपुष्पीचं सिरप, स्मरणशक्तीची म्हणून मिळालेली पावडर, माशाच्या तेलाच्या कॅप्सूल, झिंकच्या गोळ्यांची पट्टी आणि एक छोटी बाटली. त्या बाटलीवर नाव नव्हतं, पत्ता नव्हता, काहीच नव्हतं.

“ताई, तुम्ही नर्स आहात. यातलं नेमकं कोणतं द्यायचं ते सांगा. सगळं देणं आता परवडत नाही.”

मी हिशेब केला. सिरप १४०, पावडर ६८०, कॅप्सूल ४५०, झिंक ९०, बिननावाची बाटली ३००. महिन्याचे १,६६० रुपये. वहिनी चार घरची धुणीभांडी करून महिन्याला नऊ हजार मिळवते. माझा भाचा तेव्हा पाचवीत गेला होता. वर्गात एका जागी बसत नाही, वही अर्धी सोडतो, रस्त्यावर गाडी न बघता धावतो, दप्तर हरवतो, दुसऱ्याचं बोलणं पुरं होऊ देत नाही. शाळेतून महिन्याला दोनदा बोलावणं यायचं.

मला उत्तर देता येईना, कारण त्या पिशवीतली पहिली बाटली माझ्यामुळे आली होती. भाचा तिसरीत असताना वहिनीने मला विचारलं होतं. मी घाईत होते. म्हटलं, “ब्राह्मीचं सिरप दे गं, वनस्पतीच आहे, नुकसान तर काही होणार नाही.” दोन वर्षं गेली. पोराचा मार वाढला, वर्गातली बाकं मागे मागे गेली, आणि तपासणी मात्र एकदाही झाली नाही. ते नुकसान मी मोजलंच नव्हतं.

म्हणून हा लेख. आपल्या वस्तीत हा प्रश्न मला जवळपास प्रत्येक महिला बैठकीत विचारला जातो. तेव्हा नीट बसून बघू या.

हा आजार आहे की वांडपणा?

डॉक्टरी भाषेत याला एडीएचडी म्हणतात. मराठीत अवधानाची कमतरता आणि अतिचंचलता. मेंदूची वाढ होत असताना लक्ष टिकवणं, थांबणं, वाट बघणं ही कामं सांभाळणारी यंत्रणा वेगळ्या गतीने तयार होते. जगभरातल्या अभ्यासांनुसार साधारण शंभरात पाच मुलांना हा त्रास असतो. तो घराण्यात चालत येतो. आईने लाडावलं म्हणून होत नाही, बापाने मारलं नाही म्हणून होत नाही, मोबाईलमुळे जन्माला येत नाही. गोड खाल्ल्याने मूल चेकाळतं असं आपण म्हणतो, पण साखर आणि बिनसाखरेचं गोड देऊन केलेल्या तपासण्यांत तसं आढळलेलं नाही. साखर दातांसाठी वाईट आहे, तो वेगळा विषय.

प्रत्येक चंचल मूल आजारी नसतं. डॉक्टर काही गोष्टी पक्क्या बघतात. लक्षणं बारा वर्षांच्या आत दिसायला लागलेली हवीत. निदान सहा महिने टिकलेली हवीत. घर आणि शाळा अशा दोन्ही ठिकाणी दिसायला हवीत. आणि त्यामुळे मुलाचं शिकणं, खेळणं, मैत्री यांत खरोखर अडथळा यायला हवा. फक्त गणिताच्या तासाला त्रास देणारं पोर म्हणजे एडीएचडी नव्हे.

मुलींचं वेगळं असतं. त्या बऱ्याचदा धावत नाहीत, ओरडत नाहीत. खिडकीतून बाहेर बघत बसतात, ऐकलेलं विसरतात, काम अर्धवट सोडतात. सगळे म्हणतात, “वेंधळी आहे.” तिला कोणी दवाखान्यात नेत नाही आणि सातवी-आठवीला तिची शाळा सुटते. घरात अशी मुलगी असेल तर तिच्याकडेही बघा.

आणखी एक सांगते. आपल्या पोरांबद्दल काही ठिकाणी अजून “ही वस्तीतली मुलं अशीच” असं बोललं जातं. एकदा असं म्हटलं की तपासणीची गरजच संपते. शहरातल्या मोठ्या घरातलं मूल चंचल असलं तर त्याला तज्ज्ञाकडे पाठवतात आणि आपल्याला मागच्या बाकावर. म्हणून तपासणी मागणं हे आपलंच काम आहे.

बाटली घेण्याआधी काय तपासायचं

मी बालरोग ओपीडीत काम केलं तेव्हा एक गोष्ट शिकले. लक्ष न लागणाऱ्या मुलांपैकी काहींचं मूळ दुसरीकडेच असतं. यादी मोठी नाही:

कान. आपल्याकडे पोरांचे कान वाहतात आणि आपण तेल घालून गप्प बसतो. ऐकू कमी येत असेल तर मूल बाईंकडे लक्ष कसं देणार?

डोळे. फळा दिसत नसेल तर ते शेजाऱ्याशीच बोलणार.

झोप. रात्री घोरणारं, तोंड उघडं ठेवून झोपणारं मूल दिवसा चिडचिडं आणि चंचल होतं. टॉन्सिल वाढलेले असू शकतात. रात्री गुदद्वाराला खाज सुटत असेल तर जंत असतात आणि झोप मोडते.

फिट. काही मुलं क्षणभर टक लावून बघत राहतात, हाक ऐकत नाहीत, मग पुन्हा नेहमीसारखी. हे स्वप्नात हरवणं नसून फिटचा एक प्रकार असू शकतो.

शिकण्यातली अडचण. अक्षरं उलटी दिसणं, वाचता न येणं. ज्याला वाचताच येत नाही ते पोर वर्गात स्वस्थ कसं बसेल?

घरातली मारहाण, दारू, भीती. घाबरलेल्या मुलाचं लक्ष पुस्तकात राहत नाही.

थायरॉईड, रक्त कमी असणं, आणि शरीरात शिसं जाणं. शेवटच्या दोन गोष्टींबद्दल पुढे सविस्तर लिहिते, कारण खनिजांचा खरा विषय तिथेच आहे.

लोह: इथे खरंच काही दम आहे

सगळ्या बाटल्यांमध्ये लोहाची गोष्ट सर्वांत महत्त्वाची. मेंदूत डोपामिन नावाचं रसायन तयार व्हायला लोह लागतं, आणि लक्ष टिकवण्याच्या कामात हेच रसायन वापरलं जातं. २००४ साली पॅरिसच्या डॉक्टरांनी एडीएचडी असलेल्या ५३ मुलांचं फेरिटिन मोजलं. फेरिटिन म्हणजे शरीराच्या कोठारात साठवलेलं लोह. या मुलांची सरासरी २३ आली, इतर मुलांची ४४. पुढे २००८ साली त्याच गटाने कमी फेरिटिन असलेल्या २३ मुलांवर बारा आठवड्यांचा छोटा प्रयोग केला. काहींना लोह दिलं, काहींना नुसती गोळी. लोह घेतलेल्या मुलांत काही सुधारणा दिसली.

हा प्रयोग लहान होता. त्यावरून “लोहाने एडीएचडी बरा होतो” असं म्हणता येत नाही. एवढंच म्हणता येतं की ज्या मुलाच्या अंगात लोह कमी आहे त्याला ते मिळालं पाहिजे, आणि त्याने लक्षाला मदत होऊ शकते. ज्याचं लोह पुरेसं आहे त्याला जास्तीचं देऊन काही मिळणार नाही.

आपल्याकडे कमी असणाऱ्या मुलांची संख्या किती? २०१९–२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातल्या सहा महिने ते पाच वर्षं वयाच्या शंभरातल्या जवळपास ६९ बालकांना रक्तक्षय आढळला. म्हणजे चंचल मुलाची पहिली तपासणी कोणती, तर हिमोग्लोबिन. ते सरकारी दवाखान्यात होतं. डॉक्टरांना फेरिटिनबद्दलही विचारा. हिमोग्लोबिन ठीक असूनही कोठार रिकामं असू शकतं.

शाळेत आणि अंगणवाडीत लोहाच्या गोळ्या मिळतात. ५ ते ९ वर्षांच्या मुलांना गुलाबी, १० ते १९ वर्षांच्या मुलामुलींना निळी, आठवड्यातून एक. लहान बाळांना सिरप. आपली पोरं ती गोळी खिशात घालून गटारात टाकतात, कारण पोट दुखतं आणि शी काळी होते. काळी शी होणं नेहमीचं आहे, घाबरू नका. जेवणानंतर गोळी घेतली तर मळमळ कमी होते. जंताची गोळी वर्षातून दोनदा शाळेत मिळते, तीही चुकवू नका. जंत असतील तर दिलेलं लोह वाया जातं. रक्त कमी असेल तर लागणारा डोस रोजचा आणि जास्त असतो, तो डॉक्टरच ठरवतील.

इथे हात जोडून एक विनंती. घरातल्या लोहाच्या गोळ्या लहान पोराच्या हाताला लागू देऊ नका. गरोदर बाईच्या गोळ्या चॉकलेट समजून खाणारी मुलं दगावू शकतात. असं झालं तर उलटी करवत बसू नका, पाकीट हातात घेऊन थेट दवाखाना गाठा.

झिंक, मॅग्नेशियम, माशाचं तेल

झिंकचे प्रयोग तुर्कस्तानात आणि इराणमध्ये झाले. तिथे थोडा फायदा दिसला. अमेरिकेत २०११ साली झालेल्या प्रयोगात नुसत्या झिंकने फरक पडला नाही. जिथे लोकांच्या खाण्यात झिंक कमी आहे तिथे उपयोग होत असावा, असं तज्ज्ञांचं म्हणणं. जुलाबात १४ दिवस झिंक देतात ते योग्यच आहे. पण महिनोन्महिने मनाने झिंक दिलं तर शरीरातलं तांबं कमी होतं, आणि तांबं कमी झालं की पुन्हा रक्त कमी होतं. म्हणजे एका भोकाला ठिगळ लावताना दुसरं पाडायचं.

मॅग्नेशियमचे प्रयोग इतके छोटे आहेत की त्यावर पैसे खर्च करा असं मी सांगणार नाही. जास्त झालं तर जुलाब लागतात.

माशाच्या तेलातलं ओमेगा-३. याच्यावर खूप अभ्यास झाले. २०२३ साली असे ३७ अभ्यास एकत्र करून बघितले गेले. पालकांनी नोंदवलेल्या चंचलतेत आणि लक्षात ठळक फरक आढळला नाही. फायदा असलाच तर अगदी थोडा. तेव्हा ४५० रुपयांच्या कॅप्सूलऐवजी आठवड्यातून दोनदा तारली किंवा बांगडा आणा. दोन्हीत ओमेगा-३ भरपूर, आणि सगळं घर खाईल. मासे नसतील तेव्हा जवसाची चटणी करा. जवसातलं ओमेगा-३ माशाइतकं कामाचं नाही, पण चटणी स्वस्त आहे आणि पोटाला बरी.

ब्राह्मी, शंखपुष्पी, वेखंड

आधी एक घोळ. आपल्याकडे ‘ब्राह्मी’ या एका नावाने दोन वेगळ्या वनस्पती विकल्या जातात. एक पाणथळ जागेतली जाड, बारीक पानांची ब्राह्मी आणि दुसरी गोल पानांची मंडूकपर्णी. बाटलीत नक्की कोणती आहे, किती आहे, हे बऱ्याचदा गिऱ्हाईकाला कळत नाही.

खऱ्या ब्राह्मीचा एक चांगला प्रयोग ऑस्ट्रेलियात झाला, २०२२ साली प्रसिद्ध झाला. त्यातला अर्क लखनौच्या सरकारी औषध संशोधन संस्थेत शोधलेला, म्हणजे आपल्याच देशाचा. ६ ते १४ वर्षांच्या मुलग्यांना १४ आठवडे दिला. निम्म्यांना ब्राह्मी, निम्म्यांना तशीच दिसणारी खोटी कॅप्सूल, आणि कोणाला काय दिलं हे शेवटपर्यंत झाकलेलं. चंचलता आणि लक्ष यांत दोन्ही गटांत ठरण्याजोगा फरक आला नाही. वनस्पती वाईट आहे असं मी म्हणत नाही. पण ज्या कामासाठी आपण पैसे मोजतो ते काम ती करते असं सिद्ध झालेलं नाही. काही मुलांना तिने मळमळ आणि पोटात कळा येतात.

शंखपुष्पीची गोष्ट जास्त गंभीर. मुंबईच्या डॉक्टरांनी १९९२ साली एक अभ्यास प्रसिद्ध केला. फिट येऊ नये म्हणून फेनिटोइन हे औषध घेणाऱ्या दोन रुग्णांना औषध चालू असतानाच पुन्हा फिट यायला लागल्या. शोधल्यावर कळलं, ते शंखपुष्पीचं औषधही घेत होते. तपासणीत दिसलं की त्या औषधाने रक्तातलं फेनिटोइन कमी होतं. चंचल मुलांपैकी काहींना फिटही येतात. अशा मुलाला ‘बुद्धीचं सिरप’ दिलं तर काय होईल, विचार करा. “वनस्पतीच आहे, नुकसान काय होणार” हे वाक्य मी त्या दिवसापासून तोंडातून काढलेलं नाही.

वेखंड आपण बाळगुटीत उगाळून जिभेला लावतो, बोलणं लवकर यावं म्हणून. त्यातल्या बीटा-असारोन या घटकाने उंदरांत गाठी झाल्या, म्हणून अमेरिकेने १९६८ साली खाण्याच्या पदार्थांत वेखंडावर बंदी घातली. आजी रागावेल, पण बाळाच्या जिभेला वेखंड लावू नका. गुटीत मधही नको. एक वर्षाच्या आतल्या बाळाला मध देणं धोक्याचं असतं.

सुवर्णप्राशनाचे थेंब हल्ली वस्तीतही शिबिरं घेऊन पाजतात, तेही पुष्य नक्षत्र बघून. सोन्याच्या भस्माने एडीएचडी बरा होतो याला आधार नाही, आणि औषधाला नक्षत्र लागत नाही. लागतो तो योग्य डोस आणि नीट तपासणी.

शिसं: बाहेर काढायचं खनिज

काही खनिजं द्यायची नसतात, थांबवायची असतात. शिसं त्यातलं सर्वांत वाईट. मुलाच्या अंगात शिसं गेलं की लक्ष कमी होतं, चंचलता वाढते, बुद्धीवर परिणाम होतो. थोडं शिसंही चांगलं नाही. २०२० साली युनिसेफ आणि प्युअर अर्थ यांच्या अहवालाने म्हटलं की जगातल्या दर तीन मुलांपैकी एकाच्या रक्तात शिसं जास्त आहे, आणि त्यांत भारतातली मुलं सुमारे साडेसत्तावीस कोटी.

हे आपल्या दारातलं संकट आहे. जुन्या बॅटऱ्या फोडणं, भंगार वितळवणं, कॉम्प्युटर-मोबाईलचे भाग जाळून धातू काढणं ही कामं कोणाच्या वस्तीत चालतात? आपल्याच. बाप संध्याकाळी घरी येतो, कपड्यांवरची धूळ पोराच्या अंगावर जाते. म्हणून भंगारकाम करणाऱ्या दादांनी कामाचे कपडे बाहेर बदलावेत, हात-तोंड धुऊनच लेकराला उचलावं, ते कपडे वेगळे धुवावेत. जुना उडालेला रंग, सुरमा, गडद पिवळी भेसळीची हळद यांतूनही शिसं येतं.

आणि आता मूळ मुद्दा. काही ‘औषधां’तूनही शिसं येतं. अमेरिकेतल्या बोस्टन भागात विकली जाणारी ७० आयुर्वेदिक औषधं २००४ साली तपासली. १४ मध्ये शिसं, पारा किंवा आर्सेनिक निघालं. २००८ साली इंटरनेटवरून मागवलेली १९३ औषधं तपासली, तिथेही साधारण पाचात एक तसंच निघालं. भस्म आणि धातू घातलेल्या रसौषधींमध्ये हे प्रमाण जास्त होतं. चंचलता कमी व्हावी म्हणून आणलेल्या बाटलीतूनच चंचलता वाढवणारं विष पोटात जावं, याहून वाईट काय?

लोह कमी असलेलं मूल शिसं जास्त शोषून घेतं. म्हणून रक्त वाढवणं हा शिशापासूनचाही बचाव आहे. घरात बॅटरी-भंगाराचं काम असेल तर मुलाच्या रक्तातलं शिसं तपासायला डॉक्टरांना सांगा.

लेबल वाचायला शिका

वाचता येत नसेल तर पोराकडून वाचून घ्या. तो अभ्यासच होईल.

बाटलीवर बनवणाऱ्याचं नाव, पत्ता, परवाना क्रमांक, बॅच आणि मुदत नसेल तर ती पोटात घालू नका. वहिनीची ३०० रुपयांची बाटली त्याच दिवशी बाजूला गेली.

आयुर्वेदिक औषधाच्या घटकांत भस्म, पिष्टी, सिंदूर, ‘रस’ असे शब्द दिसले तर वैद्यकीय देखरेखीशिवाय देऊ नका. कायद्याने विषारी म्हणून नोंदलेले घटक असतील तर ‘वैद्यकीय देखरेखीखाली घ्या’ असा इशारा छापावा लागतो.

पावडरच्या डब्यावर चौदा आकडी अन्नपरवाना असेल तर ते औषध नाही, अन्न आहे. अशा पूरक आहाराच्या डब्यावर बारीक अक्षरात ‘औषधी वापरासाठी नाही’ असं इंग्रजीत लिहिलेलं असतं. वहिनीच्या ६८० रुपयांच्या डब्यावर ते होतं. पुढच्या बाजूला मोठ्या अक्षरात एकाग्रता, मागच्या बाजूला बारीक अक्षरात हे.

पोरांचे रंगीत गोळे, पेप्सी, लालपिवळ्या गोळ्या याही बघा. इंग्लंडमध्ये २००७ साली झालेल्या अभ्यासात काही कृत्रिम रंगांनी काही मुलांची चंचलता थोडी वाढल्याचं दिसलं. २०१० पासून युरोपात असे सहा रंग असलेल्या खाऊवर इशारा छापणं सक्तीचं आहे. त्यातले टार्ट्राझिन, सनसेट यलो हे रंग आपल्याकडे चालतात. ते बंद केल्याने आजार जात नाही, पण पाच रुपये वाचतात आणि नुकसान काहीच नाही.

मग उपाय कोणता?

सहा वर्षांखालच्या मुलांसाठी पहिला उपाय म्हणजे आईबापांचं प्रशिक्षण. मुलाशी कसं बोलायचं, नियम कसे लावायचे, चांगल्या वागण्याला शाबासकी कशी द्यायची. त्याहून मोठ्या मुलांसाठी हे प्रशिक्षण आणि गरज असल्यास औषध, दोन्ही मिळून.

औषधांत मिथाइलफेनिडेट हे सर्वांत जास्त तपासलेलं. कायद्याने त्यावर कडक बंधन आहे, चिठ्ठीशिवाय मिळत नाही, आणि चिठ्ठीची एक प्रत दुकानदार ठेवून घेतो. लोक घाबरतात की पोर नशेला लागेल. डॉक्टरांच्या देखरेखीत, ठरल्या डोसात दिलं तर ती भीती नको. भूक कमी होणं, झोप उशिरा लागणं असे त्रास होऊ शकतात, म्हणून वजन, उंची, रक्तदाब बघत राहावं लागतं. अॅटोमॉक्सेटिन हे दुसरं औषध आहे, त्याचा परिणाम दिसायला काही आठवडे लागतात. कोणतंही औषध शेजारच्या मुलाचं आणून देऊ नका, आणि मनाने बंद करू नका. घरात चालू असलेली प्रत्येक बाटली, पुडी, काढा डॉक्टरांना दाखवा. ते रागावतील म्हणून लपवू नका.

घरात करण्यासारखं बरंच आहे आणि त्याला पैसे लागत नाहीत. एका वेळी एकच काम सांगा. “दप्तर भर, हात धू, ताट घे” असं एकदम नको. दहा मिनिटं अभ्यास, मग दोन मिनिटं उठू द्या. एका खोलीच्या घरात अभ्यासाच्या वेळेला टीव्ही बंद ठेवा, सगळ्यांसाठीच. झोपेची वेळ ठरवा. ओरडण्यापेक्षा जवळ जाऊन, खांद्यावर हात ठेवून सांगा. चांगलं वागला तर त्याच क्षणी बोला. मार देऊन लक्ष वाढत नाही, पोर फक्त खोटं बोलायला शिकतं.

ताटात अंडी, कलेजी, वजडी, सुकट, मोडाची मटकी, शेंगदाणे, तीळ, हळीव, नाचणी, शेवग्याचा पाला यांतलं जे परवडेल ते घाला. वर लिंबू पिळा, त्याने लोह अंगी लागतं. जेवणासोबत चहा नको, त्याने लोह अडतं. आपल्या पोरांना सकाळी चहा-बटर देऊन शाळेत पाठवायची सवय आहे, ती मोडली पाहिजे.

शाळेत जा. शिक्षकांना सांगा, मुलाला पुढच्या बाकावर बसवा, खिडकी-दारापासून दूर. फळा पुसायला, वह्या वाटायला उठवा, म्हणजे हालचाल होईल. शिक्षणहक्क कायद्याच्या कलम १७ प्रमाणे मुलाला मारणं किंवा मानसिक छळ करणं याला बंदी आहे. हे नम्रपणे पण ठामपणे सांगा. एकटीला भीती वाटत असेल तर दोघीतिघी मिळून जा.

कुठे जायचं?

राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची पथकं अंगणवाडीत आणि सरकारी शाळेत मुलं तपासतात. जन्मापासून १८ वर्षांपर्यंत. त्यांच्या यादीत एडीएचडी आहे. पथक येईल त्या दिवशी मुलाला शाळेत नक्की पाठवा आणि स्वतः जाऊन बोला. पुढची तपासणी जिल्हा रुग्णालयाच्या शीघ्र हस्तक्षेप केंद्रात होते. मोठ्या सरकारी व महापालिका रुग्णालयांत बालरोग आणि मानसोपचार विभाग असतात. मुंबईत शीवच्या लोकमान्य टिळक रुग्णालयात शिकण्याच्या अडचणी तपासणारं क्लिनिक आहे. फोनवर बोलायचं असेल तर सरकारची टेलिमानस सेवा आहे, क्रमांक १४४१६, पैसे लागत नाहीत, मराठीत बोलता येतं. मानसोपचार विभागात गेलं म्हणजे पोर वेडं ठरत नाही. कान दुखला की कानाच्या डॉक्टरकडे जातो, तसंच हे.

माझ्या भाच्याचं काय झालं, ते सांगते. हिमोग्लोबिन ९.२ निघालं. तीन महिने लोह घेतल्यावर तोंडावर तुकतुकी आली, दुपारचं पेंगणं गेलं, चिडचिड कमी झाली. पण लक्षाची अडचण राहिली. मग तज्ज्ञांनी शाळेकडून फॉर्म भरून घेतला, आईबापाशी बोलले आणि एडीएचडीचं निदान झालं. आता औषध चालू आहे. दादा आणि वहिनी महिन्यातून एकदा समुपदेशनाला जातात, त्या दिवशी वहिनीचा खाडा पडतो. पोर पहिलं आलेलं नाही. पण परवा त्याने गणिताचा पेपर पूर्ण सोडवला, शेवटच्या पानापर्यंत. वहिनीने तो पेपर मला दाखवायला आणला, त्याच कापडी पिशवीतून.

पुढच्या महिन्यापासून दर दुसऱ्या रविवारी दुपारी वस्तीतल्या विहारात आम्ही पालकांची बैठक घेणार आहोत. घरात जी बाटली, डबा, पुडी मुलाला चालू असेल ती सोबत आणा. आपण मिळून लेबल वाचू. आणि मुलाला मार नका देऊ, तोवर तरी.